प्रतापरावांचं टेबल

मंजिरीने साइटच्या फाटकाशी गाडी थांबवली, एक पाय बाहेर टाकला आणि फोन वाजला. पलीकडून प्रतापराव जगदाळे नेहमीच्या अदबीने, कुणाच्या मुंजीचं आमंत्रण द्यावं तशा आवाजात म्हणाले, "मंजिरीजी, सवड असेल तर जरा येऊन जाता का? आज गेंद भटकली." बस, एवढंच. त्यांनी फोन ठेवला आणि मंजिरी तशीच बसून राहिली, एक पाय गाडीत आणि एक साउथ तुकोगंजच्या धुळीत. समोरून कचरागाडी आपलं रोजचं गाणं वाजवत गेली, कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोह्यांतल्या बडीशेपेचा वास सुटला होता, सगळं इंदूर कालच्यासारखंच चाललं होतं. फक्त एका बैठ्या बंगल्यातल्या एका टेबलावर एक पांढरा चेंडू सरळ जायचा सोडून वाकडा गेला होता. कुणाला काय त्याचं? तिला होतं. ती उतरली आणि साइटशेजारच्या त्या बंगल्याकडे चालू लागली.

टेबल बिलियर्ड्सचं. प्रतापरावांचे आजोबा दरबाराच्या घोडदळात होते, त्यांना ते बक्षीस मिळालं, लालबागेच्या राजवाड्यातून बैलगाडीवर घालून आणलं, असं ते सांगत. खरंखोटं त्या टेबलालाच ठाऊक. पण हिरव्या कापडाखाली दगडाच्या जाड लाद्या होत्या आणि त्या अशा समतल बसवलेल्या की पाणी ओतलं असतं तर त्यालाही कुठे जावं ते कळलं नसतं. प्रतापराव रोज सकाळी चहा झाला की पांढरा चेंडू टेबलाच्या एका टोकाला ठेवत आणि हाताने हलकेच पुढे ढकलत. तो सुस्त चालीने, वामकुक्षीतून उठलेल्या माणसासारखा, पलीकडच्या कडेवरच्या पितळी ठिपक्यापाशी जाऊन टेकायचा आणि त्याच रेषेवरून परत यायचा. वडील करायचे म्हणून ते करत. खेळायला आता घरात कोणी उरलं नव्हतं. पत्नी गेल्या, मुलगी सुरभी कॅनडात. पण चेंडू रोज एकदा जाऊन येत होता. मागल्या वर्षी बिल्डर विपुल भियांनी शेजारचा प्लॉट घेतला, जमिनीखाली तीन मजले पार्किंग आणि वर दवाखाने असा बेत केला, आणि त्या तीन मजल्यांच्या खड्ड्याचं डिझाइन मंजिरी टेंबेला दिलं. ती संमती मागायला या घरात आली तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले. प्रतापरावांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तिला आतल्या खोलीत घेऊन गेले, चेंडू सोडला, परत आलेला चेंडू तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "मला हे समजतं. गेंद सरळ चालते तोवर खोदा. भटकली की थांबायचं. शब्द?" "शब्द," मंजिरी म्हणाली होती. तेव्हा ते फार सोपं वाटलं होतं.

वाटणारच. तिला स्वतःवर खात्री होती, आणि का नसावी? एका मोठ्या कंपनीत तिने वर्षानुवर्षं खड्डे आखले आणि सही दुसऱ्यांनी केली. चाळिशी उलटल्यावर नोकरी सोडून स्वतःच्या नावाची पाटी लावली तेव्हा धाकट्या सुजयने विचारलं होतं, "ताई, खड्ड्यांचं ऑफिस? लोक बिल्डिंगा बनवतात गं." तिने हसण्यावारी नेलं, पण त्याला काय सांगणार? इमारत बांधणाऱ्याला आभाळाकडे बोट दाखवता येतं. हिचं काम असं, की ते उत्तम झालं तर काहीच होत नाही. शेजाऱ्याचं घर काल होतं तसं आज आहे, आणि त्याचा फोटो काढता येत नाही. तिला नेमकं हेच आवडायचं. इंदूरची जमीन वरून काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, नाकावर राग असलेली. तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. जगदाळ्यांचा बंगला त्या काळ्या मातीत जेमतेम कमरेएवढ्या खोल पायावर बसलेला, आणि त्याच्यापासून थोड्याच पावलांवर मंजिरीने काँक्रीटचे खांब खांद्याला खांदा लावून जमिनीत उतरवले होते. त्या भिंतीला लोखंडी टेकू द्यायचे, थोडी माती काढायची, पुन्हा टेकू, पुन्हा माती, अशी ती महिनोन् महिने खाली उतरत गेली. भरलेले डंपर शहराबाहेर बेटम्याकडे जात राहिले. आता शेवटचा टप्पा तेवढा राहिला होता. तो खोदून तळाला काँक्रीटचा जाड थर घातला की भिंतीला खालून कायमचा आधार मिळणार होता आणि मग वर कितीही पाऊस पडो. तो थर पावसाळ्याच्या आत पडायलाच हवा होता, कारण उघड्या खड्ड्यात पाऊस शिरला की तळाचा मुरूम मऊ पडणार, भिंत पुढे सरकणार आणि तिच्यामागोमाग बंगला. हत्ती गेला होता, शेपूट उरलं होतं. आणि शेपटाशीच चेंडू भटकला.

प्रतापरावांनी तिला पाणी विचारलं, बसायला सांगितलं, जणू घाई कसलीच नव्हती. मग चेंडू सोडला. पंख्याची घरघर, आणि हिरव्या कापडावरून जाणारा तो अगदी बारीक, रेशमी आवाज. अर्ध्या टेबलापर्यंत चेंडू शहाण्यासारखा गेला. मग त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. तो किंचित वळला, आणखी वळला, आणि पितळी ठिपक्यापासून चांगला चार बोटं बाजूला, खड्ड्याकडच्या अंगाला जाऊन टेकला. प्रतापरावांनी तिथे लाकडावर खडूची बारीक रेघ ओढली. "मी तीनदा चालवून बघितली," ते म्हणाले. "म्हटलं, माझाच हात वाकडा झाला असेल. या वयात होऊन जातं." त्यांना तिची लाज राखायची होती, हे तिला कळलं आणि ते जास्तच बोचलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "हात नाही," ती म्हणाली. "घर कललंय. मी काम थांबवते." प्रतापरावांनी मान हलवली आणि चेंडू उचलून मुठीत धरला.

खड्ड्यावर विपुल भिया उभेच होते, कपाळाला आठ्या आणि हातात फोन. काम बंद म्हटल्यावर त्यांचा पारा चढला. "मॅडम, एक गेंद के पीछे काम बंद? मेरे को बारिश के पहले नीचे का स्लॅब चाहिए. दिल्लीवाला कन्सल्टंट बोल रहा है घर के नीचे सिमेंट इंजेक्ट करो, नहीं तो आधा गड्ढा भर दो. अपन ने आप पे भरोसा किया था." त्या 'था'वर मंजिरीचे कान गरम झाले. साइट इंजिनिअर पुष्कर बाजूला उभा राहून चुळबुळत होता. "मॅडम, पण खांब तर हलून नाही राहिले," तो म्हणाला. "मी रीडिंग दोनदा घेतली. भिंत जिथली तिथे आहे. घरावरच्या खुणा मात्र या बाजूला खाली गेल्यात, हे पक्कं." खांबांच्या पोटात नळ्या सोडल्या होत्या, त्यांतून यंत्र फिरवलं की खांब केसभर झुकला तरी कळायचं. तो झुकला नव्हता. म्हणजे कुलूप शाबूत, दार बंद, आणि तिजोरी रिकामी. माती खड्ड्यात सरकली नाही, तर घर खाली गेलं कुठे? "भिया, दो हफ्ते," मंजिरी म्हणाली. "महीने भर में बारिश है," विपुल भिया म्हणाले आणि फोन कानाला लावून चालू लागले. दिल्लीलाच लावला असणार.

ती शिडीने खाली उतरली. वर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं आणि खाली टेकूंच्या सावल्या मुरमावर आडव्या पडल्या होत्या. यंत्रं बंद, माणसं वर, आणि ती एकटी आपल्याच हाताने आखलेल्या विहिरीच्या तळाशी. इतकी शांतता तिथे तिने कधी ऐकली नव्हती. मान वर केली की आभाळाचा चौकोन, आणि त्याच्या कडेला बंगल्याची कौलं डोकावणारी, काय चाललंय ते बघायला आल्यासारखी. भीती वाटली, अगदी सरळ भीती. पाटी उतरवावी लागेल ही होतीच, पण तिच्या तळाशी दुसरी होती. एका माणसाने तिच्या शब्दावर आपलं घर कड्याच्या टोकाशी ठेवलं होतं. खांबांच्या फटीत वरून गळलेली थोडी काळी माती अडकली होती. तिने बोट घालून उकरलं तर भुगा पडला, सुका, तपकिरीसारखा. हिवाळ्यात हीच माती मळलेल्या कणकेसारखी चिकट होती, पुष्करच्या बुटांना लागली की निघायची नाही. भुगा तिने तळहातावर घेतला, नाकाशी नेला, आणि एकदम तिला परदेशीपुऱ्यातली मिलची क्वार्टर्स आठवली. उन्हाळ्यातली संध्याकाळ. बाबा, शाम टेंबे, मिलच्या टाइम ऑफिसातले कारकून, कामावरून आले की सदरा खुंटीला, बनियनवर, हातात बादली, आणि घराच्या भिंतीकडे तोंड करून उभे. भिंतीच्या बुडाशी तांब्या तांब्या पाणी ओतायचे आणि म्हणायचे, "पी बाई, पी." शेजारचे हसायचे, टेंबेबाबू भिंतीला न्हाऊ घालताहेत म्हणायचे. मंजिरीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. का ओतता, विचारलं तर बाबांनाही सांगता यायचं नाही. सगळे जुने लोक ओततात, म्हणायचे, उन्हाळ्यात घराला तहान लागते. पुढे ती इंजिनिअरिंगला गेली, काळी माती पाण्याने फुगते हे शिकली, आणि एका सुट्टीत ऐटीत सांगितलं, "बाबा, पाणी पायापासून लांब ठेवायचं असतं." बाबा हसले. "असेल बुवा," म्हणाले आणि तांब्या ओतला. रविवारी ते तिला सायकलवर पुढे बसवून या साउथ तुकोगंजातून न्यायचे. मोठाल्या बंगल्यांकडे ती आ वासून बघायची, तर ते म्हणायचे, "बघतेस काय? आपल्याच काळ्या मातीवर उभे आहेत हे सगळे."

तळहातावरचा भुगा वाऱ्याने उडाला. काळी माती पाण्याने फुगते. हे झालं अर्धं वाक्य. वाक्य पुरं करायला ती कधी थांबलीच नव्हती, कारण परीक्षेत अर्ध्यालाच पूर्ण गुण होते. फुगलेली माती पाणी गेलं की आकसते. पाणी जास्त झालं म्हणून माती हलत नाही, बदललं म्हणून हलते. कमी झालं तरी. मंजिरी शिडी कशी चढली तिला कळलं नाही. प्रतापरावांच्या फाटकातून ती घंटी न वाजवता शिरली आणि बंगल्याला वळसा घालून आधी पलीकडच्या, खड्ड्यापासून लांबच्या बाजूला गेली. तिथे मोगरा हिरवागार होता, चप्पल रुतेल इतकी माती मऊ, आणि ओला रबरी पाइप झाडांत पडलेला. मग ती खड्ड्याकडच्या बाजूला आली. तिथलाही मोगरा होता, पण त्याच्या काटक्या झालेल्या. जोत्याला लागून मातीने अंग चोरून घेतलं होतं. मंजिरीने खाली बसून त्या फटीत हात घातला, आणि तो मनगटापर्यंत आत गेला. भिंतीवर खुंटीला पाइपचं वेटोळं टांगलेलं, त्यावर कोळ्याने जाळं विणलेलं. "प्रतापराव!" ती ओरडली, या घरात कुणी ओरडत नसे हे विसरून. ते चष्मा सावरत आले. "या बाजूला पाणी घालायचं केव्हा बंद केलंत?" ते गोंधळले. "तुम्हीच तर सांगितलं होतं. खोदायला लागलात तेव्हा. पाणी खड्ड्याकडे येईल, एक थेंब नको म्हणालात. तेव्हापासून एक थेंब नाही टाकला मी. आमच्या वडिलांपासून दर उन्हाळ्यात घराला चारी बाजूंनी पाणी पाजायची रीत आहे. पण तुमचा शब्द होता ना." मोगरा वाळत होता तो बघत राहिले असतील रोज, आणि शब्द म्हणजे शब्द. काखेत कळसा म्हणतात तो हा. मंजिरी मातीत बसूनच होती आणि तिला हसू यायला लागलं, पहिल्यांदा चोरटं, मग मोकळं. "माझी चूक," ती म्हणाली. "घर खड्ड्याने नाही कललं. तहानेने कललं. अर्धं पाणी प्यायलंय आणि अर्धं तुम्ही माझ्या सांगण्यावरून कोरडं ठेवलंत." प्रतापरावांनी तिच्याकडे बघितलं, मग वाळक्या मोगऱ्याकडे. "म्हणजे रुसलं होतं तर," ते म्हणाले, आणि खुंटीवरच्या पाइपकडे हात नेला. "थांबा!" मंजिरी म्हणाली. "असं नाही."

कारण आता खरी कसोटी होती आणि ती तिला एकटीला द्यायची होती. तहानलेल्यावर घागर पालथी करून भागत नाही. एकदम पाणी दिलं तर माती फुगून खांबांनाच ढकलणार, आणि मग दिल्लीवाला खरा ठरणार. दुपारभर तिने हिशेब केला, किती पाणी, किती सावकाश, भिंत किती सोसेल, आणि भिंत सोसेल असं उत्तर आलं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून केला. विपुल भिया ऐकून खुर्चीतच सरळ झाले. "मॅडम, पूरी दुनिया गड्ढे से पानी निकालती है, आप डाल रही हो?" ती म्हणाली, "हाँ भिया. और सही मेरी है." तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, त्यांनी हातातला फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "दो हफ्ते. फिर दिल्लीवाला." सियागंजच्या बाजारातून पुष्करने शेतात घालतात ती ठिबकची नळी आणली. जोत्याच्या कडेने ती अंथरली आणि पहिला थेंब भेगेत पडला, दिसेनासा झाला. त्यानंतर मंजिरीचे दिवस थेंबांनी भरून गेले. सकाळी चेंडू, दुपारी खांबांचं रीडिंग, संध्याकाळी माती चाचपणं. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. चेंडू हट्टाने त्याच खडूच्या रेघेवर जाई, आणि तिला वाटे की आपण बाबांच्या आठवणीला भुललो, विज्ञानाच्या नावाखाली भिंतीला न्हाऊ घालतो आहोत. प्रतापराव देव पाण्यात घालून बसले होते, तोंडाने मात्र म्हणत, "होऊन जाईल. नाराज माणूस एका दिवसात नाही मानत." मग एका सकाळी चेंडू रेघेच्या अलीकडे टेकला. बोटभर. प्रतापरावांनी घाईने नवी रेघ ओढली, ती तिरकी आली. दुसऱ्या दिवशी आणखी अलीकडे. खडूच्या रेघा पितळी ठिपक्याकडे पावलं टाकत येऊ लागल्या, आणि खांब होते तिथेच उभे. पुष्कर रीडिंग घेऊन धावत आला, "मॅडम, घर वर येऊन राहिलंय!" असं ओरडत, तेव्हा मजूरही काम नसताना टाळ्या वाजवू लागले. विपुल भियांनी दोन आठवडे पुरे व्हायच्या आतच जिलेबीची पुडी धाडली. दिल्लीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

ज्या सकाळी चेंडू ठिपक्यावर टेकून परत आला, त्याच सकाळी मंजिरीने शेवटचा टप्पा खोदायला सांगितला. नळीचं पाणी चालूच ठेवलं. यंत्राचा पहिला दात मुरमात शिरला तेव्हा ती खड्ड्यात नव्हती, टेबलाशी होती. बाहेर खड्ड्याच्या सगळ्यात खोल तळातून माती निघत होती, आणि आत प्रतापराव पुन्हा पुन्हा चेंडू सोडत होते, आणि तो पुन्हा पुन्हा सरळ जात होता, कुणी त्याला शपथ घातल्यासारखा. रोज तेच. मग एके दिवशी काँक्रीटच्या गाड्यांची रांग थेट चौकापर्यंत लागली, आणि आभाळ नुसतं भरून येत असताना तळावर तो जाड करडा थर पसरत गेला. मंजिरी कडेला उभी राहून बघत होती. हे उद्या कुणाला दिसणार नव्हतं. यावर गाड्या उभ्या राहतील, त्यांचे मालक दात दाखवायला वर जातील, आणि कुणाच्या मनातसुद्धा येणार नाही की शेजारचं घर अजून शेजारी का आहे. आनंदाने तिचा ऊर भरून आला, इतका की तिला कठड्याला धरावं लागलं. आपण जिंकलो, ती मनात म्हणाली, आणि मग लाज सोडून मोठ्याने म्हणाली. पुष्करने ऐकलं आणि हसला. सुजयला फोन करून सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? काहीच झालं नाही रे, असं?

काँक्रीट घट्ट झाल्यावर प्रतापरावांनी तिला चहाला बोलावलं. चहा राहिला बाजूला. त्यांनी पांढरा चेंडू तिच्यापुढे धरला. "आज तुम्ही," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत तिने चेंडू स्वतः कधी सोडला नव्हता. तिने तो टेकवला, बोटांनी हलकेच पुढे ढकलला. तो गेला. अर्ध्या टेबलाशी तिने नेहमीसारखा श्वास रोखला, पण त्याला काहीही आठवलं नाही. पितळी ठिपका, एक मऊ टकटक, आणि त्याच रेषेवरून परत, थकून, तिच्या तळव्यात. प्रतापरावांनी ओला रुमाल काढला आणि लाकडावरच्या खडूच्या रेघा एकेक पुसून टाकल्या. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "चला. वेळ झाली." तिला वाटलं, निघायला सांगताहेत. पण ते पुढे होऊन तिला घराच्या त्या बाजूला घेऊन गेले. वाळक्या मोगऱ्याच्या बुडाशी दोन पोपटी पानं फुटली होती, भेग मिटली होती, आणि ठिबकची नळी आजपुरती बाजूला गुंडाळून ठेवली होती. त्यांनी खुंटीवरचा जुना पाइप काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "पाऊस लागेपर्यंत रोज थोडं. तुम्हीच सांगितलंय." मंजिरीने तोटी अगदी बारीक सोडली. दरबाराच्या घोडदळातल्या माणसाचं घर, मिलमधल्या कारकुनाची लेक, आणि दोघांच्या खाली तीच काळी माती, आता गार, आता गप्प. कुंपणापलीकडे पुष्कर कुणाला तरी हाका मारत होता, विपुल भियांच्या गाडीचा हॉर्न वाजत होता, रस्त्यावरून दोन बायका आत वाकून बघत होत्या की ही बाई भिंतीकडे तोंड करून काय करते आहे. मंजिरीला अजिबात लाज वाटली नाही. पाणी जोत्याच्या कडेने सावकाश आत जिरत होतं, आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पी बाई, पी."